फुकटच्या तिकिटाची किंमत

विमान ही वस्तू आमच्या यवतला आजवर मान वर करून पाहण्याची होती. आता डोंगरापलीकडे पुरंदर तालुक्यात विमानतळ होण्याचे घाटत आहे, आणि यवतहून पुण्याला नोकरीस जाणाऱ्या तरुणांच्या खिशात विमान कंपन्यांच्या नावांची क्रेडिट कार्डे दिसू लागली आहेत. "कार्ड घ्या, एवढा खर्च करा, तिकीट फुकट मिळवा," अशी ही योजना असते. अर्थशास्त्राचा विद्यार्थी या नात्याने ती तपासून पाहावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या विषयाकडे मी वळले ते मात्र पुस्तकामुळे नव्हे. माझा चुलतभाऊ हडपसरजवळच्या एका कारखान्यात नोकरीला आहे. दोन वर्षांपूर्वी त्याने असे एक कार्ड घेतले. सभासद होताच एक तिकीट, आणि पहिल्या ६० दिवसांत रु. ६०,००० खर्च केले की आणखी एक. आजीला विमानाने काशीला न्यायचे, ही त्याची इच्छा. तीन महिन्यांनी दुसरे तिकीट आले नाही, तेव्हा त्याने बँकेचा कागद माझ्यापुढे टाकला आणि म्हणाला, "तू कॉलेजला जातेस ना, मग वाच बरं काय लिहिलंय यात." शब्दकोश घेऊन मी तो कागद दोन रात्री वाचला. वाचून जे उमगले, ते येथे मांडते.

योजनेचा उगम

अमेरिकन एअरलाइन्स या कंपनीने १९८१ च्या मे महिन्यात नेहमीच्या प्रवाशांसाठी मैल मोजण्याची योजना सुरू केली. जितके मैल उडाल, तितके पुण्य खात्यावर जमा. पुरेसे साठले की एक प्रवास मोफत. १९८७ मध्ये तिने सिटी बँकेच्या साहाय्याने कार्ड काढले, आणि विमानात पाऊल न ठेवताही किराणा-कापड घेऊन मैल मिळू लागले. आपल्या देशात सेंट्रल बँकेने १९८० साली क्रेडिट कार्ड आणले; विमान कंपन्यांच्या नावांची कार्डे त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आली.

यात फुकट कोणीच काही देत नाही. विमान कंपनी आपले पॉइंट बँकेला घाऊक विकते. रिकामी जाणारी जागा दिल्याने कंपनीचे फारसे जात नाही, आणि बँकेकडून मात्र रोख पैसा मिळतो. बँक हा पैसा काढते तीन ठिकाणांहून: ग्राहकाच्या वार्षिक वर्गणीतून, कार्ड घेणाऱ्या दुकानदाराकडून कापलेल्या सुमारे दोन टक्क्यांतून, आणि वेळेवर बिल न भरणाऱ्याच्या व्याजातून. म्हणजे एकाच्या फुकट तिकिटाचे पैसे दुसऱ्याच कोणीतरी भरत असतो. तो दुसरा आपणच होणार की काय, हा खरा प्रश्न आहे.

अटीची तीन अंगे

खर्चाची अट वाचताना आपण फक्त रक्कम पाहतो. वस्तुतः तिला तीन अंगे आहेत.

पहिले रकमेचे. दुसरे मुदतीचे. साठ किंवा नव्वद दिवसांची ही मुदत बहुधा कार्ड मंजूर झाल्या दिवसापासून धावू लागते. कार्ड टपालाने हाती पडेपर्यंत त्यातला आठवडा-पंधरवडा संपलेला असतो. तिसरे अंग सर्वांत महत्त्वाचे व सर्वांत बारीक अक्षरांत असते: कोणता खर्च धरला जाईल? पेट्रोल, घरभाडे, मोबाइलमधील वॉलेटमध्ये भरलेले पैसे, रोख काढलेली रक्कम, हप्त्यांवर घेतलेली वस्तू, यांपैकी काही ना काही बहुतेक योजनांतून वगळलेले असते.

माझा भाऊ येथेच फसला. दोन महिन्यांचा नेहमीचा खर्च रु. २६,०००. उरलेली रक्कम भरून काढण्यासाठी त्याने रु. १८,००० चा मोबाइल आणि रु. २२,००० चा फ्रीज घेतला. बेरीज रु. ६६,००० झाली, म्हणून तो निश्चिंत होता. परंतु फ्रीज हप्त्यांवर घेतला होता, आणि हप्त्यांची खरेदी धरली जाणार नाही असे कागदावर लिहिलेले होते. हिशेबात आले रु. ४४,०००. तिकीट गेले, आणि फ्रीजचे हप्ते राहिले.

एक उदाहरण

आता ज्याचे आकडे प्रसिद्ध होते असे एक जुने उदाहरण घेऊ. टाटा सन्स व सिंगापूर एअरलाइन्स यांची विस्तारा ही विमान कंपनी २०१५ ते २०२४ या काळात चालली. तिच्या नावाचे अ‍ॅक्सिस बँकेचे साधे कार्ड होते. त्याची वार्षिक वर्गणी रु. १,५००, तीवर १८ टक्के जी.एस.टी. धरून रु. १,७७०. सभासद होताच साध्या वर्गाचे एक तिकीट मिळे. पहिल्या ९० दिवसांत रु. ५०,००० खर्च केल्यास १,००० पॉइंटांचा बोनस, आणि एरवी दर रु. २०० ला २ पॉइंट.

आमच्यासारख्या घरात कार्डावर होऊ शकेल असा खर्च किती? किराणा रु. ५,०००, औषधे रु. १,०००, वीज व फोन रु. १,५००, कपडे व इतर रु. १,५००, म्हणजे महिन्याला रु. ९,००० आणि तीन महिन्यांचे रु. २७,०००. मजुरी रोखीने द्यावी लागते, तेव्हा ती यात नाही. अट पुरी करण्यास रु. २३,००० कमी पडतात.

या जादा रु. २३,००० च्या खर्चावर मिळणार काय? बोनसचे १,००० पॉइंट आणि नेहमीचे २३०, एकूण १,२३०. उदारपणे एक पॉइंट म्हणजे एक रुपया धरला, तरी रु. १,२३०. शंभर रुपये खर्चावेत तेव्हा सव्वापाच रुपये परत यावेत, असा हा व्यवहार. ती वस्तू गरजेची नसेल, तर उरलेले सुमारे पंच्याण्णव रुपये हीच बोनसची किंमत. पुढे लागणारीच वस्तू थोडी आधी घेतली, तर सगळी रक्कम वाया जात नाही, हे कबूल केले पाहिजे. पण सहा महिन्यांची डाळ एकदम भरली तर तिला कीड लागते, हेही कोणत्याही गृहिणीला ठाऊक आहे.

आता समजा, हे जादा रु. २३,००० बिलाच्या तारखेला भरता आले नाहीत. कार्डावरील व्याजाचा दर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतो. एका महिन्याचे व्याज रु. ८०५, त्यावर जी.एस.टी. सुमारे रु. १४५; एकूण रु. ९५०. रु. १,२३० पैकी पहिल्याच महिन्यात रु. २८० उरले, दुसऱ्या महिन्यापासून तोटाच. हेही सौम्य चित्र आहे, कारण पूर्ण बिल भरले नाही की बिनव्याजी मुदत जाते आणि सर्वच खरेदीवर व्याज लागू होते. बिलावर 'किमान देय रक्कम' छापलेली असते. ती पाच टक्के धरली, तर रु. १,१५० भरावे लागतील. त्यातले रु. ९५० व्याज-करात जाऊन मुद्दल फिटेल अवघे रु. २००!

महिना साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला ४२ टक्के. तीस टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित प्रथा आहे, असा निर्णय राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो रद्द केला. तेव्हा त्या मर्यादेचा आधार आता ग्राहकाला नाही.

उसाचे वर्ष आणि कार्डाचा महिना

दौंड तालुक्यासारख्या बागायती भागात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. क्रेडिट कार्ड हे मासिक पगाराच्या मापाने शिवलेले आहे. दर महिन्याला पगार येतो, दर महिन्याला बिल येते. शेतकऱ्याचे उत्पन्न असे येत नाही. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लावला, तर तो तुटायला सोळा-अठरा महिने लागतात. ऊस दिल्यावर चौदा दिवसांत पैसे द्यावेत, असे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. परंतु त्या चौदा दिवसांच्या मागे दीड वर्षाची वाट पाहणे असते. अशा घरात नव्वद दिवसांची अट आली, तर ती बहुधा पैसा नसलेल्या नव्वद दिवसांतच येईल.

गावच्या दुकानदाराची उधारीची वही आपण मागासलेली समजतो. पण ती वही उसाच्या बिलाची वाट पाहते; कार्डाची वही तारखेची वाट पाहते. शिवाय गावात व्यवहार चालतो रोखीवर आणि मोबाइलने टिपायच्या क्यूआर चौकटीवर. २०२२ पासून त्या मार्गाने क्रेडिट कार्ड चालू लागले आहे, ते फक्त रुपे जातीचे. आणि दुकानदाराची चौकट वैयक्तिक खात्याची असेल, तर तेही नाही. म्हणजे अट पुरी करण्यासाठी गावचे दुकान सोडून पुण्याच्या मोठ्या दुकानात जावे लागते. तेथे गेल्यावर पिशवी यादीपुरतीच भरून परत आलेला माणूस मी अद्याप पाहिलेला नाही.

तिकीट किती फुकट?

"चार आण्यांची कोंबडी, बारा आण्यांचा मसाला" ही म्हण येथे तंतोतंत लागू पडते. भावाला मिळालेले एक तिकीट एका माणसाचे, एकाच बाजूचे होते. त्यात मूळ भाडे माफ होते. कर आणि विमानतळाचे आकार वेगळे. आजीला एकटीला पाठवणे शक्य नव्हते. दोन माणसे जाऊन येणार म्हणजे चार जागा. एक फुकट, तीन विकत! पुण्याहून लोहगावचा विमानतळ, तेथून काशी, तेथे मुक्काम, हा खर्च निराळा. वर्षभरात तेवढी रक्कम एकदम उभी राहिली नाही, आणि तिकिटाची मुदत संपली. आजी पुढच्या वर्षी काशीला गेली, ती गावच्या मंडळींबरोबर दौंडहून रेल्वेने.

पॉइंट म्हणजे पैसा नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. पैसा बँकेत ठेवला तर त्याला कायद्याचे संरक्षण असते. पॉइंटांचे मोल ठरवणे व बदलणे कंपनीच्या हाती असते. जेट एअरवेजची विमाने १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली. पॉइंटांची योजना वेगळ्या कंपनीकडे असल्याने ती वाचली व त्याच वर्षी नव्या नावाने चालू राहिली; पण ज्या विमानात बसण्यासाठी लोकांनी पॉइंट साठवले, ते विमानच उरले नव्हते. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ रोजी एअर इंडियात विलीन झाली. तिच्या सभासदांचे पॉइंट तेथे वर्ग झाले, ही गोष्ट चांगली झाली. तात्पर्य, साठवलेले पॉइंट ही बचत समजू नये.

मग घ्यावे की न घेऊ नये?

सरसकट नकार देणे मला शास्त्रीय वाटत नाही. ज्याचा पगार नियमित आहे, जो दर महिन्याचे बिल पूर्ण भरतो, आणि ज्याला कामानिमित्त विमानाने जावेच लागते, त्याला बोनस हा निखळ लाभ आहे. त्याचप्रमाणे घरात लग्न ठरले आहे, खर्चाचे पैसे बँकेत तयार आहेत, आणि खरेदी कार्ड घेणाऱ्या दुकानांतच होणार आहे, तर अट आपोआप पुरी होईल. येथे माणूस अटीमागे धावत नाही. खर्च आधीचा आहे, अट त्याला येऊन मिळते.

अर्थशास्त्रात संधी व्यय नावाची कल्पना शिकवतात. एका गोष्टीसाठी जी दुसरी गोष्ट सोडावी लागते, ती पहिलीची खरी किंमत. रु. २३,००० च्या जादा खरेदीसाठी आपण काय सोडले, हे ज्याने विचारले, त्याला पत्रकावरील मोठ्या अक्षरांची भूल पडणार नाही. सही करण्यापूर्वी पाच प्रश्न कागदावर लिहून त्यांची उत्तरे आकड्यांत द्यावीत:

१. कार्ड नसते तरी या मुदतीत मी किती खर्च केला असता?
२. त्यापैकी किती खर्च अटीत धरला जाईल?
३. बिल येईल त्या दिवशी तेवढे पैसे माझ्याजवळ असतील काय?
४. वर्गणी, कर आणि सोबतची तिकिटे वजा जाता हाती काय उरते?
५. हा प्रवास बोनस नसता तरी मी केला असता काय?

रिझर्व्ह बँकेने २०२२ साली क्रेडिट कार्डांविषयी काढलेल्या निर्देशांत, अटी सोप्या भाषेत, शक्यतो इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषेत असाव्यात असे म्हटले होते. तेव्हा "मला मराठीत कागद द्या," असे म्हणण्यात संकोच कशाला? न मागता कार्ड पाठवू नये, हेही त्यात होते.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी बँकेचा, विम्याचा, कारखान्याचा कागद आला की तो आपल्याच हाती दिला जातो. आपण इतिहास शिकतो की मराठी, हे घरच्यांना सांगता येत नाही. पोरगी कॉलेजात आहे, म्हणजे तिला वाचता येते, एवढे त्यांना पुरेसे असते. माझ्या भावाने मला कागद दाखवला तो तिकीट गेल्यावर. सही करण्यापूर्वी तो दाखवावा, इतका विश्वास आपण घरात निर्माण केला, आणि तो वाचण्याइतकी तयारी ठेवली, तर आपल्या शिक्षणाचा घराला झालेला तो पहिला रोख लाभ ठरेल.

— द्वितीय वर्ष कला