पाना हातात धरणाऱ्याला पैसे कोण देतं?

प्रश्न : माझ्या भाचीला आयटीआयत ‘मेकॅनिक मोटार व्हेईकल’ला जागा मिळतेय. इंजिनिअरिंगवाल्यांच्या शिष्यवृत्त्यांची यादी मारुतीच्या शेपटीएवढी; मग गाडीखाली शिरून काम शिकणाऱ्यांना कुणी काही देतं की नाही? घरचे म्हणतात, त्यापेक्षा एका वर्षाचा डिझेल मेकॅनिक बरा, लवकर सुटका. — एक मामा, बार्शी

उत्तर : देतात, मामा. फक्त त्यातल्या मोठ्या रकमेचं नाव ‘शिष्यवृत्ती’ नाही, म्हणून ती तुमच्या नजरेतून सुटली.

आयटीआयत असताना हाती येतं ते थोडंच. आपल्या राज्यात प्रशिक्षणार्थीला महिन्याला 40 रुपये विद्यावेतन मिळायचं, तेही वर्षानुवर्षं तेवढंच. दोन-तीन वडापाव खाल्ले की महिना संपला! 2023 मध्ये ते 500 रुपये करायचा निर्णय झाला. अनुसूचित जातीतल्या मुलामुलींसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. घरचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं आणि अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरायचा.

खरे पैसे सुरू होतात ते आयटीआय झाल्यावर, अप्रेंटिसशिपमध्ये. 1961 च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यानुसार 30 किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या 2.5 ते 15 टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. मोटारींचे कारखाने त्यात आले, एसटीची वर्कशॉपही आली. 2019 च्या नियमांनी आयटीआय झालेल्याला महिन्याला किमान 7,000 रुपये ठरवून दिले. त्याहून जास्त द्यायला कंपनीला कुणी अडवत नाही. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत यातला 25 टक्के वाटा, जास्तीत जास्त 1,500 रुपये, केंद्र सरकार थेट उमेदवाराच्या खात्यात टाकतं. तेव्हा भाचीचं बँक खातं आधारशी जोडलेलं आहे ना, हे आजच बघा. आधारवर एक स्पेलिंग आणि पासबुकावर दुसरं, एवढ्यावरून पैसे अडकतात. उमेदवारी संपल्यावर कंपनीने नोकरी दिलीच पाहिजे, असं मात्र कायदा म्हणत नाही. कुणी एजंट तशी हमी देऊन पैसे मागत असेल, तर त्याला चहासुद्धा पाजू नका.

आता एक वर्ष की दोन, याबद्दल. इथे मी घरच्यांच्या विरोधात आहे. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड केला की पॉलिटेक्निकच्या डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेता येतो. मोटार मेकॅनिक दोन वर्षांचा आहे, डिझेल एका वर्षाचा. वाचवलेलं वर्ष ती वाटच बंद करतं. आणि त्या वाटेवर मुलींसाठी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची (एआयसीटीई) ‘प्रगती’ शिष्यवृत्ती आहे : वर्षाला 50,000 रुपये! थेट दुसऱ्या वर्षात आलेल्या मुलीही तिला पात्र असतात. संस्था एआयसीटीईची मान्यताप्राप्त हवी, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं, आणि एका घरातल्या दोनच मुलींना ती मिळते. निवड गुणांवर होते, म्हणजे आयटीआयचे मार्क नुसते पास होण्यापुरते नकोत. दर वर्षी नूतनीकरण करावं लागतं, ते विसरल्याने हातातली शिष्यवृत्ती जाते.

उत्पन्नाचा दाखला मात्र जूनची गर्दी सुरू व्हायच्या आत तहसीलमधून काढून ठेवा.