आई-वडिलांना वृद्धाश्रमात ठेवताना



योहानच्या शुभवर्तमानाच्या एकोणिसाव्या अध्यायात क्रुसावरचा प्रभू येशू आपल्या आईला प्रिय शिष्याच्या हवाली करतो आणि त्या घटकेपासून तो शिष्य तिला आपल्या घरी ठेवून घेतो. आईची काळजी दुसऱ्याच्या हाती सोपवणे म्हणजे तिला टाकून देणे नव्हे, हे इथे दिसते. मात्र प्रभूने ती कोणाच्या हाती सोपवली तेही पाहावे. जो क्रुसाच्या पायथ्यापर्यंत सोबत आला, त्याच्या.

पूर्वी आपल्या वसईत हा प्रश्न फारसा येत नसे. घरात माणसे होती. आता मुलगा परदेशात, सून सकाळच्या लोकलने चर्चगेटला आणि आजी अंथरुणाला खिळलेली. तरीही 'लोक काय म्हणतील' या धाकाने तिला दिवसभर कडी लावून एकटी ठेवतात. यात तिचा मान राहतो असे मला वाटत नाही.

माझ्या अविवाहित आत्यासाठी आम्ही जागा शोधत होतो. पहिली जागा बघताक्षणी आवडली. चकचकीत लाद्या, हॉलमध्ये मोठा टीव्ही. सुदैवाने दुसऱ्यांदा न सांगता संध्याकाळी सातला गेलो. जेवण साडेपाचलाच उरकून सर्वांना निजवले होते. दिवे बंद. एक म्हातारी पाणी मागत होती आणि कामवाली बाई तिला नावाने नव्हे, खाटेच्या नंबराने गप्प करत होती. आम्ही तसेच परतलो.

म्हणून आधी न कळवता, जेवणाच्या वेळी किंवा अंधार पडल्यावर जा. लाद्यांपेक्षा माणसांची नखे, पाय आणि चादरी बघा. लघवीचा वास येतो का? बेल हाताला लागते का? संडासात धरायला दांडी आहे का? रात्री किती माणसांमागे किती जण जागे असतात, हे विचारा. जे स्वतः कुशीवर वळू शकत नाहीत, त्यांना साधारण दर दोन तासांनी वळवावे लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. रात्री हे कोण करते, याचे उत्तर ताबडतोब मिळाले पाहिजे.

सर्वात महत्त्वाचा प्रश्न आपण विचारायला विसरतो: उद्या चालता आले नाही किंवा स्मृतिभ्रंश झाला, तरी ठेवाल ना? अनेक ठिकाणी चालते-फिरते असेपर्यंतच ठेवतात. डिपॉझिट किती परत मिळणार, डायपर आणि दवाखान्याचा खर्च कोणाचा, हे कागदावर घ्या.

घर किंवा वाडी मुलांच्या नावे करायची असल्यास 'सांभाळ करीन' ही अट दस्तात लिहून घ्यावी. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यातील कलम २३ प्रमाणे अट मोडली तर न्यायाधिकरण तो दस्त रद्द ठरवू शकते. आश्रमाच्या लेखात हे कशाला, असे कोणी म्हणेल. पण सही झाल्यावरच आश्रम आठवणारी घरेही असतात.

फ्रान्समध्ये १८३९ साली संत जीन जुगान यांनी एका आंधळ्या, लुळ्या म्हातारीला घरी आणून स्वतःची खाट दिली. त्यातूनच 'लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर' हा धर्मभगिनींचा संघ उभा राहिला. २००९ मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी त्यांना संतपद दिले. आश्रम गरीब असला तरी चालेल, तिथे ही वृत्ती शोधावी.

आणि ज्यांना जायचे आहे त्यांना आधी विचारा. आत्याला खोली कशीही चालणार होती. 'आपल्या बोलीत बोलणारे कोणी आहे का?' एवढेच तिने विचारले. दुसऱ्या आश्रमात तशी एक बाई होती, म्हणून आम्ही तो निवडला.

मार्कच्या सातव्या अध्यायात 'कुर्बान' म्हणून आई-वडिलांचा वाटा चुकवणाऱ्यांना प्रभू खडसावतो. दरमहा पैसे पाठवून मोकळे होणे हे त्याच जातीचे. भेटीचा वार ठरवा. तिथल्या पॅरिशच्या फादरांना कळवा, म्हणजे कम्युनियन खाटेपर्यंत येईल. जाताना वाडीतली केळी आणि घरचे कालवण न्या. पथ्यात बसते का, ते मात्र सिस्टरांना आधी विचारून.