घरचा मोती आजारी पडतो तेव्हा

परवा एक गृहस्थ दवाखान्यात आले. झोप नाही, जेवण जात नाही, रक्तदाब वाढलेला. खोदून विचारले तेव्हा कळले, घरचा मोती आठ दिवस तापाने पडून आहे आणि निदान होत नाही. सांगताना त्यांचे डोळे भरून आले. यात लाजण्यासारखे काही नाही.

मुक्या जनावराच्या निदानाला वेळ लागतो. गोचीडतापात रक्तातील प्लेटलेट कमी होतात, कधी नाकातून रक्त येते. पण रक्त तपासताना जंतू दरवेळी दिसतातच असे नाही. म्हणून ताप, खाणे, पाणी, लघवी रोज वहीत लिहा व ती पशुवैद्यकांना दाखवा. आपल्या तापाच्या किंवा अंगदुखीच्या गोळ्या त्याला मनाने देऊ नका. त्या घातक ठरू शकतात.

एक सावधगिरी मात्र जिवाची आहे. कुत्र्याला गिळता येईना, लाळ गळू लागली, तर ‘घशात हाड अडकले’ समजून तोंडात हात घालू नका. तो रेबीजही असू शकतो. खरचटलेल्या जागी लाळ लागली, तर ती जागा साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. कुत्र्याच्या निदानासाठी थांबू नका. वेळेवर लस घेतल्यास रेबीज टळतो. लक्षणे दिसू लागल्यावर रोगी सहसा वाचत नाही.

मुलांपासून आजार लपवू नका. सेवा घरात वाटून घ्या. आजारी कुणीही असो, सेवा करणाऱ्याने वेळेवर जेवले-झोपले पाहिजे. त्या गृहस्थांनाही मी हेच सांगितले.