लिलावातली स्पोर्ट्स कार : कागद आधी, रंग नंतर

मुलं मोबाईलवर स्पोर्ट्स कार बघतातच. त्यातूनच व्यवहाराचा हा पाठ घेऊ. एप्रिल २०१९ मध्ये ईडीने नीरव मोदीच्या गाड्या ऑनलाइन लिलावात काढल्या. त्यात पोर्शे पानामेराही होती.

समजा, अशीच लिलावातून गेलेली गाडी कुणी वणीत स्वस्तात विकायला आणली. आधी काय बघाल? आरसीवर नाव कोणाचं ते! सरकारी जाहीर लिलावात गाडी घेणाऱ्याने ताबा मिळाल्यापासून ३० दिवसांत नमुना ३२ भरून ती आपल्या नावावर करायची असते. कर्ज थकल्याने बँकेने ओढून नेलेली गाडी असेल, तर बँक नमुना ३६ भरून आपल्या नावाची नवी आरसी काढते. विकणाऱ्याचं नावच आरसीवर नसेल, तर इसार देऊ नका. माणूस कितीही ओळखीचा असो. चेसिस नंबर स्वतः वाकून जुळवा. लिलावातला माल ‘आहे त्या स्थितीत’ मिळतो, म्हणून मेकॅनिक सोबत न्याच. (कोळशाच्या ट्रकांच्या रस्त्यावर एवढी बुटकी गाडी चालवायची कशी, हे मुलंच विचारतील!)

वर्गात एमएच-२९ च्या एखाद्या आरसीची झेरॉक्स, नाव-नंबर झाकून, वाटा. कर्जाचा बोजा कुठे लिहिलाय, ते मुलांना शोधू द्या.