जुन्या वळणाचे सागवानी कपाट: पैसा कुठे जातो आणि कुठे वाचतो

आलापल्ली आणि बल्लारपूरच्या सागाची कीर्ती दूरवर आहे. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी सागवान निवडले गेले ते इथलेच. मार्च २०२३ मध्ये त्याची बल्लारपूर-चंद्रपुरात मिरवणूक निघाली होती. इतके उत्तम लाकूड उशाशी असताना चंद्रपूर-गडचिरोलीतल्या नव्या बंगल्यांमध्ये जुन्या वाड्यातल्यासारखी, झिजल्या कडांची कपाटे हवीशी वाटणे साहजिक आहे. या कामाला ‘डिस्ट्रेस्ड फिनिश’ म्हणतात. ‘चौरस फुटाला इतके’ असा एकच आकडा ऐकून होकार मात्र देऊ नका. लाकूड, सांगाडा, मजुरी आणि पॉलिश यांचे दर वेगवेगळे लिहून मागा.

एका कपाटाचा हिशेब

सात फूट उंच, सात फूट रुंद, दोन फूट खोल कपाट घेऊ. पल्ले अस्सल सागाचे, आतला सांगाडा प्लायवूडचा. दर्शनी भाग ४९ चौरस फूट होतो. पुढचे दर हिशेबाची रीत कळावी म्हणून धरले आहेत. त्यांच्या जागी तुमच्या मिस्त्रीने दिलेले दर भरा.

- साग: एक इंच जाडीने ४९ ÷ १२ म्हणजे सुमारे ४ घनफूट. रंधा आणि कापणीतली घट धरून साडेपाच घनफूट. ५,००० रुपये दराने २७,५०० रुपये.
- सांगाड्याला १८ मिमी प्लायवूडचे ५ ताव, म्हणजे १६० चौरस फूट, १३० रुपयांनी २०,८०० रुपये. पाठीला ६ मिमीचे २ ताव, ६० रुपयांनी ३,८४० रुपये.
- सुतारकाम: ४९ चौरस फूट, ६०० रुपयांनी २९,४०० रुपये.
- जुनेपणाचे फिनिश: ३५० रुपयांनी १७,१५० रुपये.
- बिजागऱ्या, मुठी, कड्या: ८,००० रुपये.

बेरीज १,०६,६९० रुपये. नोंदणीकृत कारखान्याकडून पूर्ण काम घेतले तर त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण सुमारे १ लाख २६ हजार रुपये.

आता पाहा, साग बिलाचा जेमतेम चौथा हिस्सा आहे. सुतारकाम आणि फिनिश मिळून ४० टक्क्यांच्या वर जातात. लाकडाचा दर घनफुटाला हजाराने वाढला तरी कपाट साडेपाच हजारांनीच महागते. म्हणून लाकडात काटकसर करून हलका माल घेणे हा तोट्याचा सौदा आहे.

बिनकागदाचा साग नकोच

आपल्या भागात कुणीतरी ‘निम्म्या भावात साग देतो’ म्हणणारा भेटतोच. वरच्या हिशेबात त्यातून वाचतील १३,७५० रुपये. त्यासाठी माल जप्त होण्याचा आणि वनगुन्ह्यात अडकण्याचा धोका पत्करायचा, शिवाय आपल्याच जंगलाची तोड पोसायची. वन विभाग आणि वन विकास महामंडळ यांच्या आगारांतले लाकूड लिलावाने विकले जाते. घरगुती ग्राहकाला थोडा माल लागतो, तो लिलावात घेणाऱ्या आरा मशीनवाल्याकडून घ्यावा. बिल मागा, माल ज्या वाहतूक परवान्यावर आला त्याची प्रत पाहा, आणि दोन्हींची नक्कल जपून ठेवा.

माप स्वतः घ्या

गोल ओंडक्याचे माप बाजारात घेराच्या चौथाईवर काढतात. घेर ४ फूट आणि लांबी १० फूट असेल तर चौथाई १ फूट, तिचा वर्ग गुणिले १० म्हणजे १० घनफूट. प्रत्यक्षात त्यात पावणेतेरा घनफूट लाकूड असते, पण साल आणि कडा चिराईत जातात. चिरलेला माल घेताना मात्र जाडी, रुंदी, लांबी मोजून सरळ गुणाकार करा. कडेचा पांढरट भाग दिसला तर तो मापातून वगळायला सांगा. किडा आणि वाळवी आधी त्यालाच लागतात.

चंद्रपुरात मे महिन्यात पारा कधी कधी ४७ अंशांपलीकडे जातो आणि लगेच पावसाळा येतो. ओल्या लाकडाचे पल्ले या हवेत टिकत नाहीत. ओलावामापकाने तपासून ८ ते १२ टक्क्यांचाच माल घ्या. पल्ल्याची मधली फळी चौकटीच्या खाचेत सैल राहू द्या, डिंकाने चिकटवू नका. चौकट जोडण्याआधीच फळीच्या कडांना रंग द्यायला सांगा, म्हणजे उन्हाळ्यात फळी आकसली तरी कोरी रेघ उघडी पडणार नाही.

जुनेपण कसे आणतात

चांगला कारागीर तारेचा ब्रश लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच फिरवतो. रेषांमधला मऊ भाग निघतो, कडक रेषा उठून दिसतात. मग गडद रंग चोळून फडक्याने पुसला की तो खळग्यांत बसतो. कडा झिजवायच्या त्या हात लागतो तिथे, मुठीजवळ आणि खालच्या कडेला. वरच्या कोपऱ्यात झीज दाखवली तर काम खोटे वाटते. सागात स्वतःचे तेल असते. म्हणून पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश करायचे तर आधी थिनरने पुसून घेणे गरजेचे आहे, नाहीतर थर सुटतो. तेल-मेणाचे फिनिश वरचेवर द्यावे लागते, पण त्यावरचा ओरखडा घरी दुरुस्त होतो.

खरी बचत

- आखूड तुकड्यांचा माल मागा. तो लांब फळ्यांहून स्वस्त पडतो, आणि पल्ल्यांच्या फळ्या आखूडच असतात.
- घट्ट बसलेल्या गाठी चालतात. या शैलीत त्या शोभतात.
- जुन्या घरांचे वासे, चौकटी मिळाल्या तर निम्मा माल वाया जाईल असे धरून भाव ठरवा. खिळे काढण्याची मजुरी आधीच विचारा.
- जुन्या लाकडाखाली काळा कागद रात्रभर ठेवा. सकाळी ताजा भुसा पडलेला दिसला तर किडा जिवंत आहे, माल परत करा.

आगाऊ रक्कम देण्याआधी एक फूट बाय एक फुटाचा नमुना, त्याच लाकडावर त्याच फिनिशमध्ये करून घ्या. त्यावर तारीख टाकून दोघांनी सही करा. बाकी पैसे सांगाडा, पल्ले आणि पॉलिश अशा टप्प्यांनी द्या, आणि शेवटचा हप्ता कपाट नमुन्याशी ताडून पाहिल्यावरच मोकळा करा.