डॉल्फिनची शेपूट आडवी का असते? क्लिअरवॉटरच्या विंटरकडून शिकण्यासारखं विज्ञान



फ्लोरिडाची सहल म्हटली की आपल्या घरांत पहिलं नाव निघतं ते ऑरलँडोचं. तिथून पश्चिमेला, गाडीने साधारण दोन तासांवर, आखाताच्या काठी क्लिअरवॉटर नावाचं शहर आहे. १९७२ साली तिथे क्लिअरवॉटर मरीन अ‍ॅक्वेरियम ही संस्था सुरू झाली. शहराच्या जुन्या पाणी-प्रक्रिया केंद्राची इमारत आणि टाक्या पुढे तिला मिळाल्या. हे नेहमीचं मत्स्यालय नव्हे. जखमी, आजारी किंवा पोरके झालेले सागरी प्राणी इथे आणतात आणि त्यांच्यावर उपचार करतात. जे बरे होतात ते शक्य असेल तर समुद्रात परत जातात, बाकीचे इथेच राहतात.

मुलांना घेऊन इथे एक दिवस घालवणार असाल, तर जाण्याआधी हा लेख वाचा. टाकीसमोर उभं राहून नुसतं "किती गोड!" म्हणण्यापेक्षा बरंच काही पाहता येईल.

मासा नसलेला मासा

आपण मराठीत सहज 'डॉल्फिन मासा' म्हणतो. व्हेलला तर 'देवमासा' हेच नाव आहे. दोघंही मासे नाहीत. त्यांना फुफ्फुसं असतात, ते पिल्लांना जन्म देतात आणि दूध पाजतात. हे शाळेत शिकलेलं असतं, पण टाकीसमोर मुलांना ते दाखवायचं कसं?

शेपटीकडे बघायला सांगा. माशाची शेपूट उभी असते आणि तो ती डावीकडे-उजवीकडे हलवत पोहतो. शार्कही तसाच. डॉल्फिनची शेपूट मात्र आडवी असते आणि वर-खाली हलते.

हा फरक पोहण्यातून आलेला नाही, तो धावण्यातून आला आहे. भिंतीवर चालणारी पाल आठवा. चालताना तिचं अंग दोन्ही बाजूंना वळतं. मगरीचंही तसंच, आणि पाण्यात मगर शेपूटही आडवीच फिरवते. आता भरधाव पळणारा कुत्रा किंवा घोडा डोळ्यांसमोर आणा. त्याची पाठ वर-खाली वाकते. सस्तन प्राण्यांच्या कण्याची ही जुनी सवय आहे. डॉल्फिनचे पूर्वज जमिनीवर चालणारे सस्तन प्राणी होते. ते पाण्यात गेले, त्यांचे मागचे पाय नाहीसे झाले, पण कणा वाकवण्याची पद्धत तीच राहिली. डॉल्फिन एका अर्थी पाण्यात 'धावतो'.

या गोष्टीतला एक महत्त्वाचा दुवा आपल्याकडचा आहे. भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी जम्मू-काश्मीरमधून जीवाश्म असलेले दगड गोळा करून ठेवले होते. त्यांच्या निधनानंतर ते दगड हान्स थेविसेन या संशोधकाच्या हाती आले. त्यांतली एक कवटी साफ करताना तिच्या कानाचं हाड दिसलं, आणि त्याची जाड भिंत देवमाशाच्या कानासारखी होती! २००७ साली त्यावरचं संशोधन प्रसिद्ध झालं. प्राण्याचं नाव इंडोहायस. सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा, मांजराएवढा, चार पायांचा, खुरं असलेला हा प्राणी देवमाशांच्या अगदी जवळच्या नात्यातला आहे.

विंटरने काय शिकवलं?

डिसेंबर २००५मध्ये फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्याजवळ डॉल्फिनचं दोन-तीन महिन्यांचं पिल्लू खेकड्याच्या सापळ्याच्या दोरीत अडकलेलं सापडलं. दोरी शेपटीभोवती इतकी आवळली होती की रक्तपुरवठाच थांबला होता. पिल्लाला क्लिअरवॉटरला आणलं, तिचं नाव विंटर ठेवलं. ती वाचली, पण शेपटीची दोन्ही पाती गेली.

डॉल्फिनच्या शेपटीच्या पात्यांत हाडं नसतात. ती चिवट, तंतुमय ऊतींची बनलेली असतात. पाणी मागे ढकलायचं काम त्यांचंच, त्यामुळे ती गेल्यावर विंटर पोहणार कशी, हा प्रश्न होता. तिने स्वतःच उत्तर शोधलं. ती उरलेलं शेपूट डावी-उजवीकडे हलवून पोहू लागली, अगदी माशासारखी.

वरवर पाहता प्रश्न सुटला होता. पण वर-खाली वाकण्यासाठी घडलेला कणा रोज हजारो वेळा बाजूला वाकला तर काय होईल? कणा एका बाजूला झुकेल आणि वर-खाली ओढणारे स्नायू वापराविना दुबळे होतील, ही डॉक्टरांची भीती होती. म्हणजे जगण्यासाठी शोधलेली युक्तीच पुढे तिला अपंग करणार होती.

इथे माणसांचे कृत्रिम हातपाय बनवणारे तज्ज्ञ मदतीला आले. केविन कॅरोल आणि डॅन स्ट्रझेम्पका यांनी विंटरसाठी कृत्रिम शेपूट तयार करायला घेतली. अडचण पाहा. माणसाच्या कृत्रिम पायावर शरीराचं वजन येतं, पण ते मुख्यतः एका दिशेने. शेपटीवर मात्र प्रत्येक फटक्याला दोन्ही बाजूंनी जोर येतो. शिवाय डॉल्फिनची त्वचा नाजूक आणि गुळगुळीत. खोबण घट्ट बसवली तर जखम होते, सैल ठेवली तर निसटते. अनेक प्रयत्नांनंतर एक मऊ, किंचित चिकट, लवचीक जेल तयार झालं. ते मोज्यासारखं आधी चढवायचं आणि त्यावर शेपूट बसवायची.

विंटर ती शेपूट चोवीस तास घालत नसे. प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली ठरावीक वेळ ती वापरायची, म्हणजे ती तिची फिजिओथेरपीच होती. पुढे तेच जेल पाय गमावलेल्या माणसांच्या कृत्रिम पायांतही वापरात आलं. 'जयपूर फूट' पाहिलेल्या आजी-आजोबांना ही गोष्ट नक्की सांगा, त्यांना ती लगेच पोचेल.

२०११च्या 'डॉल्फिन टेल' या चित्रपटात विंटरने स्वतःचीच भूमिका केली. ११ नोव्हेंबर २०२१ रोजी, सोळाव्या वर्षी, आतड्याला पीळ पडून ती गेली.

"मग तिला सोडलं का नाही?"

हा प्रश्न मुलं विचारतातच, आणि तो टाळू नये. बंद टाकीतलं आयुष्य समुद्रातल्या आयुष्याची बरोबरी करू शकत नाही, हे आधी मान्य करावं. पण डॉल्फिनचं पिल्लू आईबरोबर काही वर्षं राहतं. मासे कसे घेरायचे, कोणापासून दूर राहायचं, कळपात कसं वागायचं हे ते शिकत असतं. दूधपित्या वयात आईपासून तुटलेल्या आणि शेपूट नसलेल्या पिल्लाला समुद्रात सोडणं म्हणजे त्याला मरायला सोडणंच. अमेरिकेत असा निर्णय मत्स्यालय एकटं घेत नाही. सागरी सस्तन प्राण्यांसाठी १९७२चा कायदा आहे आणि डॉल्फिनच्या बाबतीत शेवटचा शब्द सरकारच्या 'नोआ' या संस्थेचा असतो.

म्हणून कुठल्याही बचाव केंद्रात गेलात तर एक प्रश्न जरूर विचारा: "किती प्राणी आले आणि किती परत गेले?" आलेले प्राणी परत पाठवणं हेच ज्यांचं मुख्य काम आहे, ते याचं उत्तर आनंदाने देतात.

मुलांसाठी निरीक्षणाचा खेळ

१. प्रत्येक टाकीसमोर शेपटीची दिशा वहीत लिहा: उभी की आडवी?

२. फ्लोरिडात कुठे मॅनटी दिसला तर त्याचीही शेपूट पाहा. ती पसरट आणि आडवी असते. मॅनटी डॉल्फिनचा नव्हे, तर हत्तीचा नातलग! दोन वेगळी घराणी स्वतंत्रपणे पाण्यात गेली आणि दोघांची शेपूट वर-खालीच हलते.

३. नियमाला अपवादही शोधा. सील सस्तन आहे, पण मागचे पाय डावी-उजवीकडे हलवून पोहतो. त्याच्याकडे शेपटीऐवजी पायांचं वल्हं आहे.

४. पाठ वर करून तरंगणारं कासव दिसेल, कवचावर वजनं चिकटवलेली असतील. बोटीच्या धडकेनंतर कवचाखाली हवा अडकली की कासवाला बुडी मारता येत नाही. ती वजनं म्हणजे त्याचा उपचार आहे.

घरी परतल्यावर

विंटरची शेपूट एका दोरीने नेली. तशाच दोऱ्या आणि जाळी आपल्या कोकण किनाऱ्यावरही आहेत. डहाणूला जखमी समुद्री कासवांसाठी उपचार केंद्र चालतं. संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी जाळं कापावं लागलं, तर मच्छीमारांना २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना महाराष्ट्र शासनाने २०१८मध्ये आणली. कासव वाचवण्याची किंमत गरीब मच्छीमाराने एकट्याने का मोजावी, असा साधा विचार त्यामागे आहे.

आणि कधी किनाऱ्यावर जिवंत डॉल्फिन किंवा कासव पडलेलं दिसलं, मग ते फ्लोरिडात असो की गुहागरला, तर त्याला परत पाण्यात ढकलू नका. बहुतेकदा ते आजारी असतं म्हणूनच किनाऱ्याला लागलेलं असतं. गर्दी दूर ठेवा, डॉल्फिनच्या डोक्यावरच्या श्वासछिद्रात पाणी किंवा वाळू जाऊ देऊ नका आणि लगेच वन्यजीव विभागाला कळवा. महाराष्ट्रात वनविभागाचा मदत क्रमांक १९२६ आहे. सुट्टीत गावी जाल तेव्हा तो फोनमध्ये असू द्या.