किवी फळ : गुण, मोल आणि गैरसमज

पावसाळ्यात डेंग्यूची साथ आली की फळांच्या गाड्यांवर तपकिरी, लवदार सालीचे, अंड्याएवढे एक फळ हमखास दिसू लागते. ते म्हणजे किवी. "याने प्लेटलेट वाढतात" असे कोणीतरी सांगते आणि हातावर पोट असलेले कुटुंबही उसनवारी करून ते विकत आणते. म्हणून या फळात नेमके काय आहे, हे सभासद बंधू-भगिनींनी व विद्यार्थ्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

किवीचे मूळ चीनमध्ये. १९०४ साली इझाबेल फ्रेझर या शिक्षिकेने चीनमधून त्याचे बी न्यूझीलंडला नेले. तेथे त्याला 'चायनीज गूजबेरी' म्हणत. पुढे १९५९ मध्ये निर्यातीच्या सोयीसाठी त्या देशातील किवी पक्ष्याचे नाव फळाला देण्यात आले. थंड हवामानात येणाऱ्या या वेलीची लागवड आता भारतातही हिमाचल प्रदेश, अरुणाचल प्रदेश आदी राज्यांत होते.

१०० ग्रॅम हिरव्या किवीत सुमारे ६० कॅलरी, ३ ग्रॅम तंतुमय पदार्थ, ३०० मिलिग्रॅम पोटॅशियम आणि ९० मिलिग्रॅम 'क' जीवनसत्त्व असते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार 'क' जीवनसत्त्वाची रोजची गरज पुरुषास ८० व स्त्रीस ६५ मिलिग्रॅम आहे. म्हणजे मध्यम आकाराच्या एका किवीतून ती बरीचशी भागते. तंतूंमुळे शौचास साफ होते. त्यातील ॲक्टिनिडिन हे विकर प्रथिने फोडते. म्हणूनच चिरलेली किवी दुधात घालून ठेवल्यास दूध कडवट होते.

हे सारे गुण खरे आहेत. परंतु ते एकट्या किवीचे नाहीत. १०० ग्रॅम पेरूत 'क' जीवनसत्त्व २०० मिलिग्रॅमहून अधिक, म्हणजे किवीच्या दुपटीपेक्षा जास्त असते. आवळा तर या बाबतीत प्रसिद्धच आहे. पालेभाजी व भाकरीतील लोह अंगी लागण्यासही 'क' जीवनसत्त्व मदत करते. म्हणून मुलामुलींच्या जेवणासोबत पेरूची फोड किंवा लिंबाची पिळी असावी. हे जीवनसत्त्व उष्णतेने नष्ट होते, तेव्हा लिंबू शिजवताना न घालता ताटातच पिळावे.

आता डेंग्यूविषयी. किवी खाल्ल्याने प्लेटलेट वाढतात, असे वैद्यकशास्त्राने सिद्ध केलेले नाही. आजार उतरू लागला की बहुतेक रुग्णांच्या प्लेटलेट आपोआप वाढतात आणि श्रेय मात्र फळाला मिळते. रुग्णाला खरी गरज असते ती विश्रांतीची, पाणी, ओआरएस, ताक, पेज अशा पातळ पदार्थांची आणि डॉक्टरांच्या देखरेखीची. तापासाठी ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेऊ नये, त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. डॉक्टरांच्या सल्ल्याने पॅरासिटामॉल घ्यावे. ताप उतरला म्हणून निर्धास्त होऊ नये, कारण धोक्याचा काळ बहुधा तेव्हाच सुरू होतो. पोटात तीव्र वेदना, सतत उलट्या, हिरड्यांतून वा नाकातून रक्त, कमालीची सुस्ती, यांपैकी काहीही दिसल्यास फळांच्या शोधात वेळ न दवडता रुग्णाला तात्काळ रुग्णालयात न्यावे.

काहींनी किवी जपूनच खावी. मूत्रपिंडाच्या रुग्णांना पोटॅशियम अपायकारक ठरू शकते. रक्त पातळ करणारे वॉरफरिन घेणाऱ्यांनी यातील 'के' जीवनसत्त्वामुळे डॉक्टरांना विचारावे. किवी खाऊन तोंडाला खाज वा ओठांना सूज आल्यास ती पुन्हा खाऊ नये.

सारांश, किवी हे उत्तम फळ आहे, औषध नव्हे. ऐपत असेल त्याने आवडीने खावी. नसेल त्याने घरच्या आजाऱ्याला किवी देता आली नाही म्हणून मनाला लावून घेऊ नये. ते पैसे रक्ततपासणीसाठी, रुग्णालयात जाण्या-येण्यासाठी राखून ठेवावेत आणि घराभोवती साचलेले पाणी आठवड्यातून एकदा न चुकता ओतून टाकावे. डेंग्यूचा डास तेथेच वाढतो.